उत्तरसूची बरोबर आहे

४ फेब्रुवारी

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं यात माझा अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील आणि 'अनेक आशीर्वाद' लिहिलं तर पत्र परत पाठवशील. म्हणून सरळ कामाचंच लिहिते.

अप्पांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. हो, तेच, नवशिक्यांचं लॅटिन व्याकरण. बारा वर्षं ते जसंच्या तसं छापलं जात होतं, छापणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. आता प्रकाशनाचं काम जुन्या मालकांच्या सुनेकडे आलं आहे आणि ही बाई पुस्तकं छापण्याआधी वाचते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "धडा सात आणि धडा नऊची उत्तरं कुठल्या तरी दुसऱ्याच पुस्तकातली दिसतायत. स्वाध्यायात विचारलंय नाविकाचं आणि उत्तरसूचीत चष्मा आहे."

तुला माहीतच असेल ते. सातवा धडा प्रश्नार्थक शब्दांचा आणि नववा कर्मणी प्रयोगाचा. दोन्हींचे स्वाध्याय मुळात तू केले होतेस, धड्याला दहा अशी वीस वाक्यं. तू गेल्यावर ती वगळली गेली आणि त्यांच्या जागी दुसरी घातली गेली. मागची उत्तरसूची मात्र तशीच राहून गेली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं ते बारा वर्षं चाललं आहे.

प्रकाशकबाई म्हणतात, दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. नाहीतर त्या दोन धड्यांची उत्तरं काढून टाकू. म्हणजे तुझं जे काही उरलंय तेही जाईल. तुझी मूळ लॅटिन वाक्यं आता कुठे नाहीत, फक्त मराठी उत्तरं आहेत. त्यांवरून तू ती वीस वाक्यं पुन्हा करून देशील का? एप्रिल अखेरपर्यंत मुदत आहे.

वेधशाळेचा पत्ता बदलला नसेल असं धरून चालले आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. बारा वर्षांनी आलेल्या पत्रात चार शब्द. 'कोणाकडून? आणि कुठली उत्तरं?' खाली वेधशाळेचा शिक्का.

पहिला प्रश्न मला कळला. अप्पांच्या वर्गात कुणी कर्मणी प्रयोगातलं वाक्य वाचलं की बाकीच्यांनी एका सुरात विचारायचं, "कोणाकडून?" दिवा फोडला गेला. कोणाकडून? पत्र हरवलं गेलं. कोणाकडून? शनिवारच्या वर्गात मी अजून तसंच करते. तेव्हा उत्तर देते. वाक्यं माझ्याकडून वगळली गेली, अप्पांच्या सांगण्यावरून. ज्या दिवशी तू सांगितलंस की अध्यापनाच्या परीक्षेला बसणार नाही आणि डोंगरावर जाऊन ढगांची नोंद करणार, त्या दिवशी ते काय म्हणाले ते तू दारात उभी राहून ऐकलंसच. "या पुस्तकात हिचं एक वाक्य राहता कामा नये." तू बॅग घेऊन निघालीस आणि मी कागद पुढे ओढले. नाविक, राणी आणि गुलाब माझे आहेत. ते रटाळ आहेत हे मला माहीत आहे, सांगायचे कष्ट घेऊ नकोस.

दुसरा प्रश्न मात्र मला कळेना. कुठली उत्तरं म्हणजे? पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत अप्पांनी तुला पाठवली होती. स्वतः पोस्टात गेले होते, माझ्या हातात दिली नाही. ती पोचली नाही का?

तुझ्याकडे पुस्तक नसेल तर काही उत्तरं इथे उतरवते.

धडा सात. तीन: चष्मा कुठे आहे? चष्मा वडिलांच्या कपाळावर आहे. चार: वडील चष्मा कुठे शोधतात? वडील चष्मा सगळीकडे शोधतात. सहा: दार कोण उघडे ठेवते? थोरली दार उघडे ठेवते. सात: थोरली दार का उघडे ठेवते? थोरलीला माहीत नाही.

धडा नऊ. दोन: थोरलीकडून दूध उतू घालवले जाते. तीन: धाकटीकडून भांडे घासले जाते. आठ: वडिलांकडून कोणालाही शाबासकी दिली जात नाही.

माझ्या स्वाध्यायात सातव्या धड्याचं तिसरं वाक्य 'उबी एस्त नाउता' असं आहे. नाविक कुठे आहे? नाविक जहाजावर आहे. लोक ते सोडवतात, मागे पान उलटतात आणि तिथे वडिलांचं कपाळ. एका निवृत्त न्यायाधीशांनी वर्षभर 'नाउता' म्हणजे चष्मा असं पाठ केलं होतं. परीक्षेत त्यांनी लिहिलं की चष्मे समुद्रावर जातात आणि तिथे बुडतात.

चष्म्याला जुन्या लॅटिनमध्ये शब्द नाही म्हणून तू आणि अप्पा किती दिवस भांडत होतात ते आठवलं. शेवटी 'डोळ्यांच्या काचा' असं काहीतरी जुळवलं होतंस. नक्की काय, ते मला आठवत नाही. म्हणून तुला लिहावं लागतं आहे.

ताई


८ मार्च

धाकटे,

या वेळी दीड पान. प्रगती आहे.

म्हणजे पुस्तक पोचलं होतं. तू ते उघडलंस, थेट सातवा धडा काढलास, नाविक बघितलेस, नवव्यात गुलाब बघितलेस आणि मिटून ठेवलंस. आणि तेव्हापासून ते वाऱ्याचा वेग मोजायच्या यंत्राच्या टेबलाखाली आहे, कारण त्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. अप्पांचं पुस्तक बारा वर्षं वाऱ्याच्या नोंदी सरळ ठेवतंय हे त्यांना कळलं असतं तर ते आधी रागावले असते आणि मग दोन दिवस शेजाऱ्यांना सांगत सुटले असते.

शेवटची पानं तू पाहिलीच नाहीस. तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते आहे: 'उत्तरं मला येत होती, मग उत्तरसूची कशाला उघडू?' बरोबरच आहे. आपल्या घरात उत्तरसूची उघडणं म्हणजे चोरी. आपण लहान असताना अप्पांनी आपल्या दोघींच्या पुस्तकांची शेवटची पानं दोऱ्याने शिवून टाकलेली होती. त्यांनीच लावलेली सवय, आणि ती त्यांच्याच लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

तू विचारतेस, उत्तरं तशीच का राहिली? 'तुझ्या हातून एवढी मोठी चूक कशी झाली, तू तर स्वल्पविरामही सोडत नाहीस.' खोचक आहे, पण रास्त आहे. सुरुवातीला विसरले हे खरं. चार दिवसांत वीस वाक्यं बदलली, मागची दोन पानं डोक्यातून गेली. प्रुफं आल्यावर दुरुस्त करणारच होते.

बाकी इथलं ठीक. शनिवारचा वर्ग अजून वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतो. न्यायाधीश येतात, वाळलेल्या वनस्पतींना लेबलं लावणारे एक गृहस्थ येतात, एक नर्स येते. नर्सला माझ्या स्वाध्यायापेक्षा तुझी उत्तरं आवडतात. मागच्या शनिवारी विचारत होती, "मॅडम, या घरातली धाकटी आता कुठे असते हो?" मी म्हटलं, "डोंगरावर. ढग मोजते." ती म्हणाली, "आणि थोरली?" न्यायाधीशांनी खोकून विषय बदलला. सगळ्यांना माहीत आहे असं दिसतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. हे पत्र इथे संपवते, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही.

ताई


२१ मार्च

धाकटे,

तू दोनच ओळी लिहिल्यास: 'प्रुफं आल्यावर दुरुस्त करणार होतीस. मग का नाही केलीस?'

मला माहीत होतं तू हे विचारणार. सातव्या धड्यात 'का' हा शब्द अप्पांनी सगळ्यात शेवटी ठेवला आहे. कोण, काय, कुठे, केव्हा यांना माणूस उत्तर देऊ शकतो. 'का' आलं की वर्ग गप्प होतो. मागच्या पत्रापासून तेरा दिवस मी हे टाळलं. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

प्रुफं आली त्या दिवशी अप्पा जेवणाच्या टेबलावर बसून ती वाचत होते. सातव्या धड्यापाशी थांबले. चष्मा कपाळावर होता, तो खाली घेतला. म्हणाले, "हिची वाक्यं कुठे गेली?"

मी म्हटलं, "तुम्हीच काढायला सांगितलीत."

"रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. तू लगेच ऐकलंस? एरवी दार लाव म्हटलेलं ऐकत नाहीस." मग म्हणाले, "परत घाल."

मी म्हटलं, "कागद रद्दीत गेले."

ते खोटं होतं. कागद माझ्या कपाटात होते, तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली. उठून चार पावलं गेले असते तर आणता आले असते. मी उठले नाही.

अप्पांनी त्यानंतर आठवडाभर ते कागद शोधले. माळ्यावर, बाकावर, पुस्तकांच्या मागे. रोज मला विचारत, "नक्की गेले का ग?" आठव्या दिवशी मी ते खरोखरच रद्दीत दिले, बोललेलं खरं व्हावं म्हणून. असं कोण करतं? मी केलं.

मी तेव्हा त्यांना म्हटलं होतं की उत्तरांवरून तुम्हीच लॅटिन करा, तुम्हाला दहा मिनिटांचं काम आहे. ते म्हणाले, "वाक्यं तिची आहेत. ती तिनेच करायची." मी उत्तरसूची दुरुस्त करायला पेन्सिल घेतली तर माझ्या हातून पान ओढून घेतलं. तुझ्या वीसही उत्तरांपुढे एकेक करून बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. ते प्रूफ माझ्याकडे आहे. यासोबत पाठवते आहे. मूळच आहे, नक्कल नाही.

मग तुला प्रत पाठवली. चिठ्ठी घातली नाही, तेवढा ताठा होताच. त्यांचा हिशोब साधा होता: स्वाध्यायात नाविक दिसला की ती चिडेल, मागे बघेल, तिला स्वतःची उत्तरं दिसतील आणि ती वीस वाक्यं करून पाठवेल. सबंध वर्ष ते टपालाची वाट बघत होते. पुढच्या वर्षी वाट बघायचं बंद केलं. निदान मला दिसेल असं तरी.

लोकांच्या तक्रारी यायच्या. प्रत्येकाला ते स्वतः एकच उत्तर लिहीत: 'उत्तरसूची बरोबर आहे. प्रश्न चुकले आहेत.' ते प्रश्न माझे होते. मी समोर बसून पाकिटांवर पत्ते लिहायची.

मी तुला कळवू शकले असते. एक कार्ड पुरलं असतं: शेवटची पानं बघ. आठ वर्षं अप्पा होते, आठ वर्षांत मी ते कार्ड लिहिलं नाही. ते गेले तेव्हा तू आलीस, दाराजवळच्या खुर्चीत बसलीस आणि दुपारच्या बसने परत गेलीस. तुला वाटत होतं की त्यांनी तुला पुस्तकातून पुसून टाकलं. ते तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हाही मी बोलले नाही, तुला पाणी दिलं.

का, ते सांगते. तुझं वाक्य वाचून ते मोठ्याने हसायचे. माझं वाक्य बघून फक्त खूण करायचे आणि पान उलटायचे. माझ्या चुका नसायच्या, त्यामुळे माझ्यापाशी थांबायचं त्यांना कारणच नसायचं. तू गेलीस आणि मला वाटलं, आता या पुस्तकात माझी वीस वाक्यं येतील. आली. बारा वर्षं लोकांनी ती सोडवली आणि एकानेही कधी विचारलं नाही की तो नाविक कोण होता.

मला त्या वेळी तुझा राग होता. आता लाज वाटते. बैल गेला आणि झोपा केला, हे मला कळतं. माफी मागायला मी हे लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

ताई


१४ एप्रिल

धाकटे,

तुझं काही आलं नाही. यावं असं मी म्हणणार नाही.

फक्त कळवायचं ते कळवते. प्रकाशकबाईंना तीस तारखेपर्यंत काही मिळालं नाही तर दोन्ही धड्यांची उत्तरं निघतील आणि नाविक राहतील. त्यांनी मला विचारलं की तुम्हीच का करत नाही ती वाक्यं, तुम्हाला तर येतं. मी म्हटलं, मला येत नाही. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही.

खरं सांगायचं तर मी करून बघितली. वीसच्या वीस, एका सकाळी. एकही चूक नव्हती. वाचली आणि फाडून टाकली. रद्दीत दिली नाहीत, फाडली.

शनिवारी वर्गात नववा धडा झाला. नर्सने विचारलं, "वडिलांकडून कोणालाही शाबासकी दिली जात नाही, हे खरं होतं का हो?" मी सांगितलं की ते खरं नव्हतं. वडिलांकडून शाबासकी दिली गेली होती, वीस खुणा करून. ती पोचती केली गेली नाही. वनस्पतींच्या लेबलवाल्यांनी सवयीने विचारलं, "कोणाकडून?" मी म्हटलं, "माझ्याकडून." मग न्यायाधीशांनी वही उघडली आणि म्हणाले, "दहावा धडा घ्यायचा का?" त्या माणसाने आयुष्यभर लोकांचे कबुलीजबाब ऐकलेत, त्याला पुढे कसं सरकायचं ते माहीत आहे.

तुझ्याकडे हवा कशी आहे?

ताई


२९ एप्रिल

धाकटे,

पाकीट मागच्या आठवड्यात मिळालं.

आत पत्र असेल म्हणून मी आधी चहा केला, बसले, मग फोडलं. पत्र नव्हतं. नोंदवहीची पानं होती, डाव्या कोपऱ्यात तापमान आणि आर्द्रतेचे रकाने छापलेली. त्यांवर तुझ्या अक्षरात सातवा धडा, दहा वाक्यं. नववा धडा, दहा वाक्यं. चष्म्याचा तो शब्दही आहे. वाचल्यावर लगेच आठवला.

अप्पांनी खुणा केलेलं प्रूफ तू परत पाठवलं नाहीस. तुझंच आहे ते. तुझ्याकडेच राहू दे.

शेवटच्या पानावर तुझ्या तीन अटी आहेत. पहिली, थोरलीबद्दल जेवढी वाक्यं आहेत तेवढी सगळी राहतील, दुधासकट. दुसरी, मुखपृष्ठावर तुझं नाव नको, स्वाध्यायांखाली बारीक अक्षरात चालेल. तिसरी, नवव्या धड्यात एक अकरावं वाक्य वाढवायचं आणि त्याचं उत्तर उत्तरसूचीत छापायचं.

अकरावं वाक्य मी वाचलं. मग मराठी केलं, कारण उत्तरसूचीसाठी ते मलाच करावं लागणार होतं: 'धाकटीला परत बोलावले गेले होते, पण थोरलीकडून तिला ते सांगितले गेले नाही.'

बारा वर्षांपूर्वी मी चार दिवसांत वीस वाक्यं बदलली होती. हे एक बदलायला मला एक मिनिट लागलं नसतं. प्रुफं माझ्याच हातून जाणार आहेत आणि तू शेवटची पानं उघडत नाहीस हे मला माहीत आहे. हे तुलाही माहीत होतं. तरी तू ते माझ्याच हाती पाठवलंस.

वाक्यं त्याच दिवशी छापखान्यात पोचवली होती; आज सकाळी त्यांची प्रुफं आली. दरवर्षी तीस-चाळीस माणसं हे पुस्तक घेतात. ती सगळी हे वाक्य वहीत उतरवतील, मागे उत्तर बघतील आणि थोरलीबद्दल काय वाटायचं ते वाटून घेतील. मी पेन्सिल घेतली. तुझ्या एकवीसही उत्तरांपुढे बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि पाकीट प्रकाशकबाईंच्या हातात नेऊन दिलं. पोस्टावर विसंबले नाही. त्यांनी अकरावं वाक्य वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे असंच जाऊ द्यायचं?" मी म्हटलं, "उत्तरसूची बरोबर आहे."

माझे नाविक निघाले. त्यांचं मला वाईट वाटलं, थोडंसंच.

टेबलाच्या आखूड पायाखाली आता दुसरं काहीतरी लाव, कारण पुस्तकाची नवी प्रत आली की पाठवते, आणि ती शेवटच्या पानापासून उघड. येशील का, हे तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. तुझं तू हवा बघून ठरव. दार मी लावत नाही. ती माझी सवय पुस्तकात छापलेली आहे, आणि का ते आता मला माहीत आहे.

ताई